कपाळावरची नागीण

"गंमत" या शब्दाचा मला हल्ली राग येतो. पूर्वी येत नव्हता. तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि लोक मला व्याख्यानांना बोलवू लागले. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, वाचनालयं, कुणाच्या तरी सोसायटीचा वर्धापनदिन. विषय ठरलेला: "विज्ञानातल्या गमती". दारातल्या फळ्यावर रंगीत खडूने तसंच लिहिलेलं असायचं. आयोजक फोनवर हटकून सांगायचे, "मॅडम, जरा हलकंफुलकं असू द्या, श्रोते वयस्कर आहेत." वय झालं की पोळीसारखं विज्ञानही दुधात कुस्करून द्यावं लागतं, असा या लोकांचा समज आहे.

मीही द्यायचे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं. ऑस्ट्रेलियातल्या वोंबॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी असते, फाशांसारखी. गांडुळाचे दोन तुकडे केले तर दोन गांडुळं होत नाहीत, एक गांडूळ मरतं, किंवा फार तर तोंडाकडचं अर्धं कसंबसं जगतं. प्रत्येक वाक्याला हॉलभर "काय गंमत आहे ना!" असा सूर उठायचा. मग मी गणिताकडे वळायचे. एका खोलीत तेवीस माणसं असली तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. इंग्रजी पुस्तकांत हा प्रयोग वाचताना फार छान वाटतो. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसमोर तो करून बघा. मी विचारलं, "एक जूनला कुणाचा वाढदिवस?" की निम्मा हॉल हात वर करायचा. शाळेत नाव घालताना ज्याची जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही, त्याला मास्तरांनी एक जून लावून टाकला. सगळे पोट धरून हसायचे आणि शक्यता वगैरे राहायचं बाजूला.

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये जानेवारीत असंच व्याख्यान होतं. मी त्याच पेठेत राहते, त्यामुळे चालतच गेले. पहिल्या रांगेत माझे दाजी बसले होते, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. येरवड्याहून स्कूटरवर आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. एक जूनला त्यांचाही हात वर गेला. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. खडकवासल्यात आज किती पाणी आहे हे अजूनही सकाळी चहाच्या आधी बघतात, आणि गुरुवारी पाणी बंद असलं की महापालिकेचं कुठे चुकलं ते घरात सगळ्यांना समजावून सांगतात. ताई आली नव्हती. तिला गर्दी नको असते. ती महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची आणि तिच्या गमती तिच्यापाशीच असतात. रिक्षात बसली की पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचे चार आकडे घ्यायचे, मोठ्यापासून लहानापर्यंत मांडायचे, मग उलटे मांडायचे, मोठ्यातून लहान वजा करायचं. उत्तराचं पुन्हा तेच करायचं. चारही आकडे सारखे नसतील तर शेवटी सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर येणार म्हणजे येणारच, आणि एकदा आलं की तिथून हलणार नाही. ३५२४ ला तीनच पायऱ्या लागतात. हे सगळं तोंडी, सिग्नल सुटायच्या आत.

आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. छप्पन साली आमच्या आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक गोधडीच्या तुकड्यात बांधले आणि नदीत सोडले. आजी रडली असं सांगतात, पण अडवलं तिनेही नाही. तेव्हापासून आमच्या घरात उतारा नाही, अंगारा नाही, दोरा नाही. माझे वडील टपाल खात्यात होते, ते म्हणायचे, "विचारल्याशिवाय काही मानायचं नाही." आम्हा बहिणींना हे दुधाबरोबर पाजलं होतं. दाजींचं घरही तसंच. लग्न ठरलं तेव्हा पत्रिका कुणी विचारली नाही, ताईने बी.एस्सी.ला कुठला विषय घेतला ते विचारलं. मला या घरांचा अभिमान आहे आणि तो मी कुणासाठी सोडणार नाही, हे रागावण्याआधी सांगून ठेवते.

त्या जानेवारीतल्या व्याख्यानात मी नागिणीवर बोलले. सापावर नाही, त्वचेवर उठणाऱ्या नागिणीवर. आपल्याकडे समज असा, की नागीण कमरेला वेढा घालते आणि तिचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस दगावतो. म्हणून लोक घाईघाईने काव, म्हणजे तांबडी माती, लावतात, मंत्र टाकणाऱ्याकडे नेतात, वेढा पुरा व्हायच्या आत तिला थोपवायला. मी सांगितलं की ती नागीणबिगीण काही नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून बसतो, चाळीस-पन्नास वर्षं. वय झालं, अंगातली ताकद उतरली की त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. डावीकडचे मज्जातंतू वेगळे, उजवीकडचे वेगळे. म्हणून पुरळ एकाच बाजूला उठतं आणि मधल्या रेषेपाशी थांबतं. तोंड आणि शेपूट यांची भेट व्हायची नाही. ती भीती आजच सोडून द्या.

टाळ्या पडल्या. एका बाईंनी विचारलं, "मग काव लावायचीच नाही का?" मी म्हटलं, "लावा की. कुंडीला." हॉल हसला. दाजी सगळ्यांत मोठ्याने हसले, मागे वळून बाकीचे हसताहेत ना ते बघूनही घेतलं.

त्यानंतर मी पुढचं सांगितलं. नागीण कपाळावर आली तर मात्र घरी बसू नका. तोच मज्जातंतू डोळ्यालाही जातो. आणि नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. यावर गोळ्या आहेत, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केल्या तरच खऱ्या कामाच्या. लसही आहे. हे मी सांगितलं, मोठ्याने, माइकवर. पण तोवर मागच्या दाराने उपमा आला होता. स्टीलच्या बशांचा आवाज सुरू झाला, खुर्च्या सरकल्या, आयोजकांनी मला घड्याळ दाखवलं. माझ्या बोलण्यातलं एकच वाक्य कुणाच्या उपयोगाचं होतं आणि ते उपम्याखाली गेलं.

पुढे लोक मला म्हणाले, "मॅडम, इतकं महत्त्वाचं होतं तर तुम्ही आधी सांगायला हवं होतं." म्हणजे यातही चूक माझीच! हलकंफुलकं यांनीच मागायचं, टाळ्या नेमक्या तिथेच यांनीच वाजवायच्या, कामाचं आलं की यांनीच बशी घेऊन उठायचं, आणि वर मला क्रम शिकवायचा.

त्याच वर्षीचे गणपतीचे दिवस होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव पडला होता आणि दुपारीच ढोल सुरू झाले होते. आमच्या घरच्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. भाचे, पुतण्या, चुलत भावंडं, सगळी त्यात. मी चहा गाळत होते तेव्हा त्यावर दाजींचा फोटो आला. दाजींनी काढलेला, ताईच्या चेहऱ्याचा. कपाळाच्या डाव्या अर्ध्यावर लाल पुरळ, पाण्याने भरलेल्या फोडांचे पुंजके, केसांत वरपर्यंत गेलेले. बरोबर मध्ये रेघ आखल्यासारखे थांबलेले. खाली दाजींनी लिहिलं होतं: "निसर्गाची भूमिती पाहा! मध्यरेषेपलीकडे एकही फोड नाही. वेढा पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. संदर्भ: आमच्या मेहुणीबाईंचे व्याख्यान."

त्याखाली अंगठे. नमस्कार. दाजींच्या हिंजवडीला नोकरी करणाऱ्या भाच्याने लिहिलं, "वॉव, सो सिमेट्रिकल!" अरे गाढवा, जे एकाच बाजूला असतं ते सिमेट्रिकल कसं असेल? त्यांच्या एका पुतणीने लिहिलं, "काकू गेट वेल सून, पण किती इंटरेस्टिंग ना." कुणी म्हणून कुणी विचारलं नाही, की हा माणूस आहे का प्रदर्शनात मांडलेला नमुना.

मी फोटो बोटांनी मोठा केला. डावी पापणी सुजून निम्मी मिटली होती. आणि नाकाच्या शेंड्यावर, डाव्या अंगाला, दोन फोड होते. चहा गाळणीतच राहिला. मी दाजींना फोन लावला.

"दाजी, ताईच्या नाकावरचे फोड कधी आले?"

"काल. का गं?"

"आणि कपाळावरचे?"

"शनिवारी दिसले. डोकं तर त्याच्या आधीपासून ठणकत होतं तिचं. तू काळजी करू नकोस, तू सांगितलंस अगदी तस्संच चाललंय. पुस्तकात काढून ठेवावी अशी केस आहे."

तो बुधवार होता. "डॉक्टरला दाखवलंत?"

"विषाणू आहे तो. आपला वेळ घेतो आणि जातो. आणि हे बघ, कपाळावर आहे, कमरेला नाही. वेढा पडायला जागाच नाही तिथे."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी ओरडलेच. "दाजी, तिला घेऊन आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघा. मी येते."

"डोळ्यांच्या?" ते म्हणाले. "अगं, चष्म्याचा नंबर मेमध्येच बदललाय तिचा."

पेठेतले निम्मे रस्ते मांडवांनी अडवले होते. डेक्कनपर्यंत तरातरा चालत गेले तेव्हा कुठे रिक्षा मिळाली. वाटेत मी ताईला फोन करत राहिले, तो ती उचलत नव्हती, कारण फोनकडे बघितलं की डोळ्यात सुई टोचल्यासारखं होतंय म्हणून दाजींनी तो काढून ठेवला होता. म्हणजे दुखतंय हे दाजींना माहीत होतं. उजेड सहन होत नाही हेही माहीत होतं, पडदे ओढलेले होते, खोलीत अंधार होता. काळजी घेत नव्हते असं नाही, घेतच होते. गार पाण्याच्या पट्ट्या, मऊ भात, वेळेवर ताप बघणं. फक्त जे करायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं केलं.

मी पोचले तेव्हा दाजी दारातच उभे होते आणि कपडे अजून घरचेच होते. मी काही बोलायच्या आधी त्यांनी मला हसत सांगितलं, "खालच्या मजल्यावरच्या वहिनी परवा काव घेऊन आल्या होत्या. भोरजवळ कुणी मंत्र टाकणारा आहे म्हणे. मी सांगितलं, वहिनी, आमच्याकडे हे सगळं छप्पन सालीच बंद झालंय. काव तुमच्या कुंडीला लावा."

माझाच विनोद. माझ्यापुढे, माझ्याच बहिणीच्या दारात, शाबासकीसाठी.

त्या वहिनी पुढे मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "अहो, मी त्यांना म्हटलं होतं, काव नको तर नको, पण डॉक्टरला तरी दाखवा, असं ठेवू नका. तर मला म्हणाले, तुमचा अभ्यास नाही." काव लावणाऱ्या बाईंना वेढ्याची भीती होती, म्हणून त्या धावल्या. दाजींना वेढा पडत नाही हे माहीत होतं, म्हणून ते बसून राहिले. पण बघत होते दोघंही वेढ्याकडेच. डोळा दोघांच्याही गोष्टीत नव्हता. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे आपल्याकडे काही कमी नाहीत, पण सत्तरी उलटलेला, धरणाच्या भिंतीतली एक ओल दिसली तरी रात्रभर झोप न येणारा अभियंता असा पिवळा व्हावा? बायकोच्या नाकावर फोड उठतो आणि त्याला एक फोन करून विचारावंसं वाटत नाही. विचारल्याशिवाय काही मानायचं नाही, हे आमच्या घरचं वाक्य. मंत्रवाल्याला विचारायचं नाही इतकंच त्यातून त्यांनी उचललं. डॉक्टरलाही विचारायचं नाही हे त्यात कुठे होतं?

ताई आत पलंगाच्या कडेला बसली होती. माझा आवाज ऐकून म्हणाली, "आलीस? बरं झालं. डोळ्यात खडा गेल्यासारखं होतंय गं."

"मला का नाही सांगितलंस?"

"हे म्हणाले, तुझं व्याख्यान त्यांना पाठ आहे. मग तुला परत काय विचारायचं?"

ती हे साधेपणाने म्हणाली, टोमणा नव्हता. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाचं गणित फारसं चुकलेलं तिने पाहिलं नव्हतं. बँक, घर, मुलांची शिक्षणं, सगळं त्यांनी नीट केलं होतं. तिने विश्वास ठेवला यात तिची काय चूक? हिशेब तपासायची सवय असलेली बाई, पण दुखत असताना कुणी स्वतःचा हिशेब तपासत बसत नाही.

आम्ही रिक्षाने निघालो. दाजी पुढे चालकाशेजारी दाटीवाटीने बसले, मी आणि ताई मागे. बंडगार्डनच्या पुलावर गाड्या थांबल्या होत्या. ताईने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डाव्या डोळ्याची सुजलेली पापणी बोटाने उचलून समोर बघितलं. पुढे एक पांढरी मोटार होती, आमच्यापासून चार हातांवर. मी वाट बघत राहिले की आता ती आकडे म्हणेल. ती म्हणाली, "पाटी आहे एवढं कळतंय. पिवळी का पांढरी, ते नाही." आणि हात खाली घेतला. मला रडू आलं आणि रडण्याहून जास्त राग आला. समोर दाजींची पाठ दिसत होती, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेली. दवाखान्यात जायचं म्हणून त्यांनी शर्ट बदलला होता, त्यात आणखी दहा मिनिटं गेली होती.

डोळ्यांच्या डॉक्टर पस्तिशीच्या असतील. त्यांनी यंत्रातून बराच वेळ बघितलं, डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, पुन्हा बघितलं. मग दिवा लावून विचारलं, "कधीपासून आहे हे?"

दाजी म्हणाले, "शनिवारपासून. पण डॉक्टर, एकाच बाजूला आहे. वेढा पडत नाही, त्याची मला कल्पना आहे."

"डोळ्याला वेढा नसतो काका," त्या म्हणाल्या. "इतके दिवस घरी काय करत होता?"

दाजी गप्प बसले. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण डॉक्टर पुढे ताईशी बोलू लागल्या. बुबुळावर जखम आहे, आत सूज आहे, आपण सगळं करू, पण आधी आला असतात तर. हे "तर" त्यांनी वाक्य पुरं न करता सोडून दिलं.

त्यांनी सगळं केलं. गोळ्या, तासातासाचे थेंब, मलम, नंतर दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात दाखवणं. जखम भरली आणि भरताना बुबुळावर पांढरा वण ठेवून गेली. ताईला डाव्या डोळ्याने आता उजेड कळतो, समोर हात हलवला तर काहीतरी हललं एवढं कळतं. ते बुबुळ बधिर झालंय, त्यामुळे नवं बुबुळ बसवण्यातही धोका आहे म्हणाले. कपाळ मात्र बधिर नाही. फोड जाऊन महिने झाले तरी पंख्याचा वारा लागला की तिथे आग होते, डाव्या भांगात तिला फणी घालवत नाही. आणि एका डोळ्याने अंतर कळत नाही. कप कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते मेंदूला दोन डोळ्यांतल्या फरकावरून समजतं. हेही मी व्याख्यानात सांगायचे. दोन्ही हातांत दोन पेन्सिली धरा, एक डोळा मिटा, टोकाला टोक लावून दाखवा. लोकांना जमायचं नाही आणि ते हसायचे. काय गंमत आहे ना!

दाजींनी तिची सेवा केली, हे मला मान्य करावंच लागतं. थेंबांच्या वेळा त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. गजर लावून उठायचे, हात साबणाने धुवून, तिची मान कशी अलगद धरायचे. मी बघत होते. माणूस दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण त्या सगळ्या महिन्यांत कुणीही विचारलं की त्यांचं उत्तर एकच: "थोडा उशीर झाला." झाला! पावसाला उशीर होतो. टपालाला उशीर होतो. एका माणसाने पडदे ओढून, फोन काढून ठेवून, शेजारणीला दारातून परत पाठवून जो केला, त्याला "उशीर झाला" म्हणायचं? मराठीत "केला" असाही शब्द आहे. मी तो त्यांच्या तोंडून एकदा ऐकायला थांबले होते. अजून थांबलेय.

मधल्या काळात त्याच वाचनालयाचा पुन्हा फोन आला. मागचं फार आवडलं होतं म्हणे, नागिणीचा विषय तर लोक अजून काढतात. मी गेले आणि पहिलंच वाक्य कपाळ, नाक आणि डोळा याबद्दल बोलले. तेच तीनदा बोलले. ऑक्टोपस नाही, वोंबॅट नाही. टाळ्या जेमतेम पडल्या. नंतर आयोजक हळूच म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही जरा चिडलेल्या वाटलात." मी म्हटलं, "वाटले नाही, आहे." त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.

यंदा बुद्धपौर्णिमेला ताईकडे सगळे जमलो होतो. सकाळी वंदना झाली, दुपारी जेवण. ताईने खीर स्वतः केली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. वाढतानाही तीच. पहिल्या वाटीच्या वेळी पळी वाटीच्या अलीकडेच कलली आणि खीर टेबलावर सांडली. सून उठायला लागली तर ताईने नुसती मान हलवली, फडक्याने टेबल पुसलं आणि पुढची वाटी डाव्या हाताने चाचपून, तिच्या काठाला पळी टेकवून वाढली. मग सगळ्यांना तशीच वाढली.

पाहुण्यांत दाजींचे खात्यातले एक जुने सहकारी होते. त्यांनी आस्थेने विचारलं, वहिनींच्या डोळ्याला काय झालं. आणि दाजींनी सांगायला सुरुवात केली. विषाणू कसा पन्नास वर्षं झोपून राहतो. मज्जातंतू कसे डावे-उजवे वेगळे. सांगता सांगता त्यांना रंग चढला. स्वतःच्या कपाळावर बोटाने मधोमध रेघ ओढून दाखवली. "इथे! बरोबर इथे थांबली. पट्टी लावून आखावं तशी. पलीकडे एक ठिपका नाही!"

"काय गंमत आहे हो निसर्गाची," ते सहकारी म्हणाले.

मी चमचा ताटात टाकला. जोरात वाजला तो. "दाजी, तिचा डोळा गेलाय. ही गंमत नाही. तुम्ही तिला घरात बसवून ठेवलंत म्हणून गेलाय."

भाचा फोनकडे बघायला लागला. दाजींचा चेहरा उतरला, म्हातारा दिसला एकदम. ते म्हणाले, "अगं, मी कुठे नाही म्हणतोय? थोडा उशीर झाला."

"जेवून घ्या सगळे," ताई म्हणाली. "खीर गार होईल."

आणि ती जेवायला बसली. टेबलाच्या लांब बाजूला दाजींच्या शेजारची एक खुर्ची तिच्यासाठी ठेवली होती, ती अशी की दाजी तिच्या उजव्या हाताला आले असते. ती टेबलाला वळसा घालून पलीकडून आली आणि दाजींच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या आणि त्यांच्या मधल्या खुर्चीवर बसली. त्यामुळे दाजी तिच्या डाव्या हाताला आले, म्हणजे तिच्यासाठी कुठेच आले नाहीत. मला वाटलं, घाईत बसली असेल. मी हळूच म्हटलं, "ताई, पलीकडे बस ना. तिथून तुला दाजी दिसतील तरी."

तिने खिरीचा एक चमचा तोंडात घातला, चव बघितली.

"असू दे," ती म्हणाली. "मी बघूनच बसलेय इथे."

डावीकडून दाजी तिला विचारत होते, पोळी हवी का. तिने मान वळवली नाही.